वापरलेली परावर्तक दुर्बीण विकत घेताना

शाळेच्या पटांगणात एखाद्या रात्री दुर्बीण मांडली आणि गावातील मुलामाणसांनी रांगेत उभे राहून शनीची कडी किंवा चंद्रावरील विवरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तर भूगोलाच्या पुस्तकातील आकाशाचा पाठ त्यांना निराळा शिकवावा लागत नाही. यामुळेच अलीकडे अनेक शाळा, वाचनालये व तरुण मंडळे आपली स्वतःची दुर्बीण असावी अशी इच्छा बाळगतात. तथापि चांगल्या प्रतीची नवी दुर्बीण घेण्याइतका निधी प्रत्येक ठिकाणी उपलब्ध असतोच असे नाही. अशा वेळी कोणीतरी वापरून बाजूस ठेवलेली दुर्बीण विकत घेण्याचा विचार पुढे येतो. हा विचार मुळात योग्य आहे. आरशाची दुर्बीण नीट सांभाळली तर पन्नास वर्षांनीही पहिल्या दिवसाइतकेच स्वच्छ दर्शन घडविते. परंतु ती नीट सांभाळली गेली आहे किंवा नाही, हे घेणाऱ्याने स्वतः पारखून पाहिले पाहिजे. लोकवर्गणीतून जमलेली रक्कम एकदा चुकीच्या वस्तूवर खर्च झाली, की पुन्हा वर्गणी मागण्यास तोंड राहत नाही. शिवाय अस्पष्ट दिसणाऱ्या दुर्बिणीने मुलांचा हिरमोड होतो, तो वेगळाच.

सुरत शहराचा कतारगाम हा विभाग आपल्या राज्याच्या सीमेपासून फार दूर नाही. एके काळी पापडीच्या शेतीसाठी नावाजलेले हे गाव आज हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांनी गजबजलेले आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाने नवापूर, नंदुरबार व खानदेशातील इतर गावांचा सुरतेशी नित्याचा संबंध आहे आणि खानदेशातून गेलेली असंख्य मराठी कुटुंबे त्या शहरात स्थायिक झाली आहेत. अशा एखाद्या कुटुंबाच्या ओळखीने नवापूर तालुक्यातील एका शाळेला कतारगाम येथील वापरलेल्या दुर्बिणीची माहिती मिळाली, असे क्षणभर समजू. दुर्बीण मुलासाठी हौसेने घेतलेली आहे, मुलगा मोठा होऊन शिक्षणासाठी बाहेरगावी गेला आहे आणि गेली काही वर्षे ती माळ्यावर पडून आहे. शाळेचे शिक्षक ती पाहावयास निघाले आहेत. त्यांनी कोणकोणत्या गोष्टी तपासाव्यात, याचा विचार या लेखात केला आहे.

दुर्बिणीची रचना

परावर्तक दुर्बिणीत प्रकाश गोळा करण्याचे काम भिंग न करता आरसा करतो. नळीच्या तळाशी एक अंतर्वक्र मुख्य आरसा असतो. त्यावरून परावर्तित झालेले किरण नळीच्या तोंडाकडे परत येतात. तेथे पातळ पट्ट्यांच्या आधारावर तिरपा बसविलेला एक लहान सपाट आरसा त्यांना बाजूला वळवितो. नळीच्या बाजूस असलेल्या नेत्रिकेतून आपण पाहतो. ही योजना आयझॅक न्यूटन याने १६६८ मध्ये प्रथम प्रत्यक्षात आणली. त्याचा आरसा तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा असून व्यासाने जेमतेम सव्वा इंच होता. धातूचे आरसे लवकर काळवंडत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर काचेवर चांदीचा मुलामा देण्याची पद्धत आली आणि १९३० नंतरच्या काळात चांदीची जागा ॲल्युमिनियमने घेतली. आजच्या दुर्बिणीतील आरसा म्हणजे अचूक घासलेली काच व तिच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियमचा सुमारे एक दशसहस्रांश मिलिमीटर जाडीचा थर होय. आपल्या घरातील आरशात मुलामा काचेच्या मागे असतो, येथे तो काचेच्या पुढे, उघड्यावर असतो. पुढील बहुतेक सर्व तपासणी या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

यातून दोन निष्कर्ष निघतात. मुलामा खराब झाला असेल तर तो काढून नवा देता येतो, म्हणजे तो दोष दुरुस्त होण्याजोगा आहे. काचेचा आकार मुळातच चुकलेला असेल किंवा काच तडकली असेल, तर मात्र तो दोष सामान्य ग्राहकाला दूर करता येत नाही. दुर्बीण पाहताना प्रत्येक दोष यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो, हा प्रश्न सतत मनाशी ठेवावा.

एक जुना दाखला

वापरलेली परावर्तक दुर्बीण ही कमी प्रतीची वस्तू होय, असा समज असल्यास तो एका ऐतिहासिक उदाहरणाने दूर होईल. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ च्या सुमारास महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा स्थापन झाली. भावनगरच्या महाराजांनी दिलेल्या देणगीतून व मुंबई सरकारच्या साहाय्यातून ती उभी राहिली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला हे तिचे प्रमुख होते. या वेधशाळेतील डब्लिनच्या ग्रब कारखान्याची वीस इंची परावर्तक दुर्बीण ही त्या काळी आणि पुढेही कित्येक वर्षे भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनाल येथील वेधशाळेकडे गेली. तेथे ती बराच काळ पडून होती. विसाव्या शतकाच्या मध्यास तिची पुन्हा उभारणी होऊन तिच्यावर वेध घेतले जाऊ लागले. कतारगामच्या हिरे कारखान्यांत काम करणारे अनेक कारागीर भावनगर व अमरेलीकडील आहेत. त्यांच्याच मुलखातील राजाच्या देणगीने पुण्यात आलेली ही दुर्बीण दुसऱ्याच्या हाती जाऊन, अनेक वर्षे पडून राहूनही निकामी झाली नाही. तिची काच चांगली होती व ती फुटली नव्हती, हेच त्याचे कारण होय.

निघण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

प्रवासखर्च करण्यापूर्वी विकणाऱ्याकडून दोन आकडे मागवून घ्यावेत. मुख्य आरशाचा व्यास व त्याचे केंद्रांतर हे ते आकडे होत. नेत्रिकेच्या जवळ नळीवर चिकटविलेल्या पट्टीवर ते बहुधा छापलेले असतात. आपल्या उदाहरणातील दुर्बिणीचा व्यास ११४ मिलिमीटर व केंद्रांतर ९०० मिलिमीटर आहे असे धरू. अंधारात माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. प्रकाश गोळा करण्याची शक्ती व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ही दुर्बीण नुसत्या डोळ्यापेक्षा सुमारे २६५ पट प्रकाश गोळा करील. १५० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण सुमारे ४६० पट प्रकाश गोळा करते. दुर्बिणीचे खरे मोल या व्यासात आहे.

वर्धनशक्ती ही आरशाच्या केंद्रांतरास नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागून मिळते. २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली तर ९०० भागिले २५, म्हणजे ३६ पट, आणि १० मिलिमीटरची लावली तर ९० पट मोठे दिसेल. व्यासाच्या मिलिमीटरमागे दुप्पट ही उपयुक्त वर्धनाची कमाल मर्यादा मानतात. म्हणजे ११४ मिलिमीटरच्या दुर्बिणीस सव्वादोनशे पटींच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. काही दुर्बिणींच्या खोक्यांवर ६७५ पट असा आकडा ठळकपणे छापलेला आढळतो. तो ४ मिलिमीटरची नेत्रिका व तिप्पट करणारे बार्लो भिंग एकत्र लावून गणिताने काढलेला असतो. त्या वर्धनाला आकाशात केवळ एक अंधूक डाग दिसतो. केवळ हा आकडा सांगून कोणी दुर्बिणीची थोरवी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

नळीची लांबी किती आहे, हेही विचारावे. साध्या परावर्तक दुर्बिणीत नळीची लांबी केंद्रांतराच्या जवळपास असते. केंद्रांतर १,००० मिलिमीटर छापलेले असून नळी मात्र जेमतेम अर्ध्या मीटरची असेल, तर नेत्रिकेच्या नळीत एक जादा भिंग बसवून केंद्रांतर लांबविले आहे असे समजावे. या प्रकारच्या स्वस्त दुर्बिणींत आरशांची जुळणी करणे अवघड जाते व प्रतिमाही फारशी स्पष्ट मिळत नाही. शाळेने त्या शक्यतो टाळाव्यात.

मुख्य आरशाची तपासणी

प्रत्यक्ष ठिकाणी पोहोचल्यावर प्रथम नळीचे झाकण काढून दिवसाच्या उजेडात तळाचा आरसा पाहावा. नळीत विजेरीचा झोत टाकून पाहिल्यास उत्तम आरसासुद्धा धुळीने भरलेला व भयानक दिसतो, यास्तव त्या दृश्याने घाबरून जाऊ नये. थोडी धूळ हा दोष नव्हे. पुढील गोष्टी मात्र बारकाईने पाहाव्यात.

आरशावर कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा फांद्या फुटल्यासारखे डाग असतील तर ती बुरशी होय. सुरतेसारख्या समुद्राजवळच्या दमट हवेत बंद खोक्यात ठेवलेल्या दुर्बिणीस ती लागण्याचा संभव अधिक असतो. कडेकडून दुधाळ किंवा काळसर पट्टा आत सरकत आला असेल, अथवा मुलाम्यास सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे पडली असतील, तर मुलामा झिजला आहे. आरसा चौकटीतून काढता येत असल्यास तो उजेडासमोर धरून मागून पाहावे. छिद्रे ताऱ्यांसारखी लुकलुकताना दिसतात. हे दोष किंमत कमी करण्यास पुरेसे आहेत, परंतु व्यवहार मोडण्यास पुरेसे नाहीत. निर्वात पात्रात ॲल्युमिनियमचा नवा थर देण्याची सोय आपल्या देशात उपलब्ध आहे. तिचा व आरसा नेण्याआणण्याचा खर्च आधी विचारून घेऊन तो किमतीतून वजा करावा.

गोलगोल फिरणारे बारीक ओरखडे दिसले तर कोणीतरी कोरड्या फडक्याने आरसा पुसला आहे असे समजावे. कतारगामसारख्या ठिकाणी याविषयी विशेष दक्षता हवी. हिरे घासण्याच्या घंटीजवळच्या खोलीत दुर्बीण ठेवली गेली असेल, तर धुळीत हिऱ्याची पूड मिसळलेली असू शकते, आणि हिऱ्याहून कठीण असा पदार्थ निसर्गात नाही. अशी धूळ पुसणे म्हणजे आरसा खरवडणेच होय. विकणारा सद्भावनेने रुमाल काढून आरसा पुसू लागला, तर त्यास नम्रपणे थांबवावे.

एखादा ठळक ओरखडा आढळल्यास त्याचे महत्त्व गणिताने ठरवावे. ११४ मिलिमीटर व्यासाच्या आरशाचे क्षेत्रफळ दहा हजार चौरस मिलिमीटरपेक्षा थोडे अधिक भरते. २० मिलिमीटर लांब व १ मिलिमीटर रुंद असा ओरखडा यांपैकी अवघे २० चौरस मिलिमीटर, म्हणजे हजारात दोन भाग इतकेच क्षेत्र व्यापतो. त्यामुळे प्रतिमेत पडणारा फरक डोळ्यांना कळणारही नाही. कडेचा लहानसा टवका देखील चालतो. मात्र काचेला आरपार तडा असेल तर दुर्बीण घेऊ नये.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. दुर्बीण त्यापूर्वीची असेल, तर ती पुरात भिजली होती काय, हे स्पष्टपणे विचारावे. नळीच्या आतील सांध्यांत वाळलेला गाळ, स्क्रूंवर गंज, लाकडी बैठकीच्या फळ्यांचे फुगलेले थर या खुणा त्या प्रश्नाचे उत्तर देतात.

जे डोळ्यांना दिसत नाही

कतारगामच्या कारागिराची नजर अत्यंत तीक्ष्ण असते. दहापट वर्धनाच्या आयग्लासातून तो हिऱ्याच्या पोटातील केसाएवढा डागही हेरतो. परंतु अशा जाणकारालाही केवळ पाहून दुर्बिणीच्या आरशाची खरी प्रत सांगता येणार नाही. चांगल्या आरशाचा पृष्ठभाग अपेक्षित आकारापासून प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या हिश्श्याहून अधिक ढळलेला चालत नाही. हिरव्या प्रकाशासाठी हे अंतर मिलिमीटरच्या सुमारे चौदा हजाराव्या भागाएवढे येते. ते कोणत्याही आयग्लासात दिसत नाही. म्हणून ओरखडे असलेला आरसा उत्तम असू शकतो आणि नव्यासारखा चकचकीत आरसा निरुपयोगी असू शकतो. आरशाची ही परीक्षा ताऱ्यावरच करावी लागते. तिचे वर्णन पुढे दिले आहे.

दुय्यम आरसा व आरशांची जुळणी

तिरपा लहान आरसा घट्ट बसलेला आहे काय, त्याला धरणाऱ्या पट्ट्या ताठ आहेत काय, हे पाहावे. नंतर नेत्रिका काढून त्या नळीतून आत पाहावे. डोळा मध्यावर ठेवण्यासाठी एखाद्या डबीच्या झाकणास मधोमध बारीक भोक पाडून ते नळीवर धरल्यास काम सुलभ होते. लहान आरशात मोठ्या आरशाची संपूर्ण कडा दिसावी आणि मोठ्या आरशात लहान आरशाचे प्रतिबिंब मधोमध दिसावे. तसे नसेल तर जुळणी बिघडली आहे. प्रवासात किंवा हलवाहलवीत जुळणी बिघडणे स्वाभाविक असून तो दोष नव्हे. नळीच्या तळाशी असलेले तीन स्क्रू फिरवून ती दुरुस्त करता येते. ते स्क्रू प्रत्यक्ष फिरतात काय, त्यांच्याखालील स्प्रिंगा जिवंत आहेत काय, हे मात्र आवर्जून पाहावे. गंजून बसलेला स्क्रू हा जुळणी बिघडण्यापेक्षा मोठा दोष आहे. आरशाला धरणाऱ्या पकडी काचेवर आवळून बसलेल्या नसाव्यात. पकड व काच यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट पुरेशी आहे.

नेत्रिका व तिची नळी

नेत्रिका मागेपुढे करणारी खुंटी फिरवून पाहावी. नळी डुगडुगत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर स्पष्ट प्रतिमा मिळविणे कठीण जाते. नेत्रिकेच्या नळीचा व्यास मोजण्यास विसरू नये. आज सर्वत्र मिळणाऱ्या नेत्रिका ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या असतात. काही जुन्या व स्वस्त दुर्बिणींस २४.५ मिलिमीटरच्या नेत्रिका लागतात आणि त्या चांगल्या प्रतीच्या सहसा मिळत नाहीत. सोबत किमान दोन नेत्रिका, शोधक दुर्बीण, दोन्ही झाकणे व स्क्रू मिळत आहेत काय, याची यादी जागेवरच करावी. नेत्रिकेचे भिंगही उजेडासमोर धरून त्यात बुरशी नाही याची खात्री करावी.

बैठक व तिवई

दुर्बीण कितीही चांगली असली तरी तिची बैठक डळमळीत असेल तर तिचा उपयोग होत नाही. नव्वदपट वर्धनाला प्रतिमेबरोबर थरथरही नव्वदपट वाढते. दूरची एखादी वस्तू पाहत असताना नळीवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. कंप दोन-तीन सेकंदांत थांबला पाहिजे. पाच सेकंदांनंतरही प्रतिमा नाचत राहिली, तर रांगेत उभ्या असलेल्या मुलांना ती दुर्बीण दाखविणे शक्य होणार नाही.

बैठक विषुववृत्तीय प्रकारची असल्यास तिचा अक्ष त्या गावाच्या अक्षांशाएवढा कलता आला पाहिजे. सुरत व नवापूर दोन्ही २१ अंशांच्या जवळपास आहेत, पुणे साडेअठरा अंशांवर आहे. थंड देशांतील ग्राहकांसाठी बनविलेल्या काही बैठकी एवढ्या कमी अंशांपर्यंत उतरत नाहीत, किंवा उतरल्या तर त्यांचे प्रतिभाराचे वजन तिवईच्या पायास अडते. विकणाऱ्यासमोरच अक्ष २१ अंशांवर आणून नळी चहूकडे फिरवून पाहावी. प्रतिभाराचे वजन हरवलेले नसावे. शाळेच्या दृष्टीने जमिनीवर ठेवावयाची, खाली-वर व डावी-उजवीकडे फिरणारी साधी डॉब्सन पद्धतीची लाकडी बैठक अधिक सोयीची पडते. ती बिघडली तर गावातील सुतारही दुरुस्त करू शकतो.

रात्रीची परीक्षा

शक्य असेल तर व्यवहार पक्का करण्यापूर्वी एक रात्र मुक्काम करावा. पावसाळा सोडून कोणताही निरभ्र दिवस चालेल. दुर्बीण पाहण्यापूर्वी अर्धा ते एक तास मोकळ्या हवेत ठेवावी, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होईल. खोलीतील खिडकीतून किंवा दिवसभर तापलेल्या गच्चीच्या कठड्यावरून पाहू नये. उष्ण हवेच्या लहरींमुळे उत्तम दुर्बिणीतूनही तारा उकळत असल्यासारखा दिसतो.

परीक्षेसाठी ध्रुवतारा सोयीचा आहे, कारण तो जवळजवळ हलत नाही. सुरतेहून तो उत्तर क्षितिजापासून सुमारे २१ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठी एकावर एक ठेवल्या तर त्यांच्या उंचीवर दिसतो. शंभरपटींच्या आसपास वर्धन लावून तारा मधोमध आणावा व आरशांची जुळणी नीट करून घ्यावी. मग नेत्रिका स्पष्ट बिंदूपासून थोडी आत व नंतर तितकीच बाहेर न्यावी. ताऱ्याचा बिंदू फुगून समकेंद्री कड्यांची वाटोळी चकती होते व तिच्या मध्यभागी लहान आरशाची काळी सावली दिसते. आतल्या व बाहेरच्या बाजूच्या चकत्या सारख्याच दिसल्या तर आरसा उत्तम आहे. सावली एका बाजूस गेलेली असल्यास जुळणी अपुरी आहे. चकती तीन कोपऱ्यांची दिसल्यास आरशाच्या पकडी आवळलेल्या आहेत. हे दोन्ही दोष दूर होतात. एका बाजूस कडी ठसठशीत व दुसऱ्या बाजूस पिसाळलेली, धुरकट दिसत असतील, तर आरशाची वक्रता चुकलेली आहे. चकती लांबट होऊन आतबाहेर करताना तिची दिशा काटकोनात बदलत असेल, तर आरशात दोष असण्याचा संभव आहे. मात्र पाहणाऱ्याने एकदा मान तिरपी करून व एकदा नेत्रिका फिरवून पाहावे. मानेबरोबर लांबटपणा फिरला तर दोष स्वतःच्या डोळ्याचा आहे, नेत्रिकेबरोबर फिरला तर नेत्रिकेचा आहे. दोहोंबरोबर फिरला नाही व जुळणी केल्यावर आणि पकडी सैल केल्यावरही राहिला, तरच आरशाचा दोष समजावा आणि ती दुर्बीण घेऊ नये.

यानंतर ओळखीच्या ज्योती पाहाव्यात. सप्तर्षींतील वसिष्ठाजवळची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसते, परंतु वसिष्ठ हा स्वतःच दोन ताऱ्यांचा असून त्यांच्यात सुमारे १४ विकलांचे अंतर आहे. कोणत्याही धड दुर्बिणीने ते दोन तारे स्वच्छ वेगळे दाखविले पाहिजेत. पुनर्वसूंपैकी कॅस्टर या ताऱ्याचे सुमारे ५ विकलांवरील दोन घटक ११४ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून वेगळे दिसले, तर समाधान मानावे. गुरूचे चार मोठे चंद्र व त्याच्या बिंबावरील दोन पट्टे दिसावेत. शनीच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. मार्च २०२५ मध्ये शनीच्या कड्यांची कडा पृथ्वीकडे आली होती व त्या सुमारास कडी रेषेसारखी बारीक दिसत होती. ती त्यानंतर वर्षानुवर्षे अधिकाधिक उघडत जातात. तेव्हा कडी बारीक दिसणे हा दुर्बिणीचा दोष मानू नये. प्रतिमा उलटी दिसणे हाही दोष नसून या प्रकारच्या दुर्बिणीचा तो स्वभाव आहे.

रात्री थांबणे अशक्य असल्यास दिवसा दूरच्या विजेच्या खांबावरील चिनी मातीच्या चिमणीवर चमकणारा उन्हाचा ठिपका पाहावा. तो ताऱ्याची जागा बऱ्याच अंशी घेऊ शकतो. मात्र तो खांब सूर्याच्या विरुद्ध दिशेस असला पाहिजे.

सूर्याविषयी धोक्याची सूचना

जुन्या दुर्बिणींच्या पेटीत पुष्कळदा नेत्रिकेवर आटे देऊन बसवावयाची एक गडद काच असते व तिच्यावर ती सूर्य पाहण्यासाठी असल्याचे लिहिलेले असते. अशी काच हाती येताच ती फोडून टाकावी. ती नेमकी किरण एकवटतात तेथे बसत असल्याने उष्णतेने अचानक तडकू शकते, आणि क्षणार्धात डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्याकडे पाहावयाचे असल्यास नळीच्या तोंडावर, प्रकाश आत शिरण्यापूर्वीच, प्रमाणित सौर गाळणी घट्ट बसविली पाहिजे, व शोधक दुर्बिणीचे तोंडही झाकले पाहिजे. अशी गाळणी नसेल तर दिवसा दुर्बीण झाकण लावून ठेवावी. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्या भागातून खंडग्रास सूर्यग्रहणाचा योग आहे. तशा दिवशी उत्साहाच्या भरात होणारा अपघात टाळण्याची जबाबदारी दुर्बीण बाळगणाऱ्या शिक्षकांवर आहे.

किंमत, पावती व वाहतूक

किंमत ठरविताना त्याच व्यासाच्या नव्या दुर्बिणीची चालू किंमत आधी विचारून घ्यावी. वापरलेली, पण सर्व अंगांनी चांगली दुर्बीण तिच्या निम्म्या किमतीच्या आसपास मिळाल्यास व्यवहार रास्त म्हणावा. हरवलेल्या नेत्रिका, नवा मुलामा, तुटलेली तिवई यांचा खर्च त्यातून वजा करावा. शाळेच्या पैशातून खरेदी असल्यास शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, विकणाऱ्याच्या सहीची पावती व सोबतच्या सर्व वस्तूंची यादी घ्यावी आणि परत आल्यावर जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिची नोंद करावी. वापरलेली वस्तू खाजगी व्यक्तीकडून घेण्यास लागू असणारे नियम गटशिक्षणाधिकारी कार्यालयात निघण्यापूर्वीच विचारून घेतल्यास पुढे लेखापरीक्षणाच्या वेळी अडचण येत नाही.

परतीच्या प्रवासात मुख्य आरसा चौकटीसह काढून, त्याच्या पृष्ठभागाला काहीही टेकणार नाही अशा रीतीने स्वतंत्र डब्यात घालून, हातात घ्यावा. नळी व तिवई सामानात ठेवण्यास हरकत नाही. घरी आल्यावर आरसा धुण्याची घाई करू नये. खरोखरच आवश्यकता भासल्यास तो कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून बुडवून ठेवावा, प्रथम धूळ वाहत्या पाण्याने जाऊ द्यावी, भिजलेला कापूस दाब न देता स्वतःच्या वजनाने फिरवावा आणि शेवटी शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी ओतून आरसा उभा वाळवावा.

खरेदीपूर्वी अनुभवी माणसाचा सल्ला मिळाल्यास फारच उत्तम. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांसाठी कार्य करीत आली आहे. आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत शालेय विद्यार्थी व शिक्षक यांच्यासाठी उपक्रम होतात. जिल्ह्याच्या ठिकाणीही आकाशदर्शनाचे कार्यक्रम करणारी मंडळे असतात. सुरतेत महानगरपालिकेचे विज्ञान केंद्र व तारांगण आहे. अशा कार्यक्रमात एकदा चांगल्या दुर्बिणीतून चंद्र किंवा गुरू पाहून ठेवला, तर कतारगामच्या गच्चीवर दिसणाऱ्या प्रतिमेशी तुलना करण्यास मनात एक माप तयार राहते.

सारांश, काच अभंग असावी, ताऱ्याच्या चकत्या दोन्ही बाजूंस सारख्या दिसाव्यात, बैठक स्थिर असावी आणि नेत्रिका प्रचलित मापाची असावी. या चार गोष्टी जमल्या तर धूळ, ओरखडे, बिघडलेली जुळणी व जुना मुलामा यांमुळे व्यवहार मोडण्याचे कारण नाही. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींत उणीव आढळली तर किंमत कितीही कमी असली तरी रिकाम्या हाताने परतावे. गावाने दिलेली वर्गणी पेटीत सुरक्षित राहिली, तर पुढील वर्षी दुसरी दुर्बीण पाहता येईल.